कुष्ठरोग्यांचे डॉक्टर, अजिंठ्याचे वाचक : डॉ. भाऊ दाजी लाड



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा जोतीराव फुले, सावित्रीमाई, माता रमाई यांची चरित्रे येतात. ती यायलाच पाहिजेत. या खेपेला संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा आम्ही थोडी वेगळी वाट धरली. मुंबईला राणीच्या बागेत पोराबाळांना घेऊन सगळेच जातात. बागेला लागून एक जुनी देखणी इमारत आहे, आत मातीच्या बाहुल्या, बोटींचे नमुने, जुनी शस्त्रे मांडलेली आहेत. दारावर नाव आहे, डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय. आम्ही युनियनच्या मोर्च्याला भायखळ्याला जायचो तेव्हा किती वेळा त्या पाटीखालून गेलो असू! हे भाऊ दाजी कोण, हा प्रश्न मात्र त्या गर्दीत पडत नाही. पुढे वाचनालयात बसून जे वाचले ते आपल्या वस्तीतल्या माणसांना सांगावे असे वाटले. कारण एकच. या माणसाने दोन कामे केली आणि दोन्ही आपल्या जिव्हाळ्याची आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या पिढीतला हा माणूस. आणि ज्याला गावाबाहेर काढत होते, त्या कुष्ठरोग्याला याने आपल्या दवाखान्यात घेतले, त्याच्यावर झाडपाल्याच्या औषधाचा शास्त्रशुद्ध प्रयोग केला. औषध आपल्या देशी वैद्यकातले, आणि पारख इंग्रजी डॉक्टरीची.

भाऊ दाजींचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ चा, गोव्यात पेडण्याकडच्या मांद्रे गावचा. वडिलांना दाजी म्हणायचे, म्हणून हे भाऊ दाजी झाले, आणि जगाने तेच नाव धरले. जातीने सारस्वत ब्राह्मण, पण घरची परिस्थिती बेताचीच. पोटासाठी कुटुंब मुंबईला आले. पोरगा बुद्धिबळात फार हुशार होता. त्याचा खेळ बघून एका साहेबाने वडिलांना सांगितले की याला इंग्रजी शिकवा, आणि मुलगा एल्फिन्स्टनमध्ये गेला. आता इथे आम्ही एक गोष्ट सांगून ठेवतो. त्याच काळात आमच्या पूर्वजांच्या पोरांत काय बुद्धी नव्हती? पण त्यांचा खेळ बघायला साहेबही आला नाही आणि शास्त्रीही आला नाही. असो. भाऊंनी मिळालेल्या संधीचे सोने केले हे मात्र मान्य केले पाहिजे.

शिकून ते एल्फिन्स्टनमध्येच शिकवायला लागले. काठेवाड-कच्छकडे मुलगी जन्मली की तिला मारून टाकण्याची चाल होती. त्या बालहत्येविरुद्ध त्यांनी निबंध लिहिला, त्याला बक्षीस मिळाले. तेव्हा ते पंचविशीच्याही आतले होते. मग १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. चांगली नोकरी सोडून भाऊ तिथे विद्यार्थी झाले. १८५१ च्या सुमारास त्या कॉलेजातून जी पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली त्यात ते होते. मढ्याला हात लावायचा, चिरफाड करायची, म्हणजे त्या काळच्या सोवळ्या घरांत केवढा गहजब! पण भाऊंनी केले. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गरिबांसाठी फुकट दवाखाना चालवला. श्रीमंतांकडून फी घ्यायची आणि गरिबाला पुडी फुकट द्यायची, असा हिशोब.

सार्वजनिक कामांची यादी मोठी आहे, ती आम्ही भराभर सांगतो. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तिचे ते एक चिटणीस होते. विद्यार्थ्यांची ज्ञानप्रसारक सभा मुलींच्या शाळा चालवायची, तिचे ते पहिले हिंदी अध्यक्ष. (आमच्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई याच काळात शेणगोळे खात शाळा चालवत होते, आणि महार-मांगांच्या मुलांपर्यंत गेले होते. मुंबईची मंडळी तिथपर्यंत पोचायला वेळ लागला.) म्युझियमच्या कमिटीचे ते चिटणीस होते. १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले.

एक प्रसंग मात्र थांबून सांगितला पाहिजे. १८६२ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात महाराज लायबल केस नावाचा खटला गाजला. वैष्णव पंथाच्या एका महाराजाविरुद्ध करसनदास मूळजी नावाच्या गुजराती पत्रकाराने लिहिले होते की हे महाराज धर्माच्या नावाखाली भक्तांच्या बायका-मुलींशी गैरवर्तन करतात. महाराजांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. करसनदासच्या बाजूने साक्षीला डॉ. भाऊ दाजी उभे राहिले. महाराज आपल्याकडे गुप्तरोगावर औषध घ्यायला येत होते, हे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितले. शहरातले धनिक त्या महाराजाच्या पायावर डोके ठेवत होते आणि डॉक्टरचा धंदा त्या धनिकांवरच चालायचा, हे लक्षात घ्या. महाराज दावा हरले. भट-बुवा-महाराजांविरुद्ध भाषण करणे सोपे असते. कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे राहून, आपले गिऱ्हाईक तुटेल हे माहीत असून खरे बोलणे अवघड.

आता अजिंठा. भाऊंना जुन्या लिपी वाचण्याचा नाद होता. दवाखाना बंद झाला की रात्री ताम्रपट, नाणी, पोथ्या. १८६३ च्या आसपास ते अजिंठ्याला गेले. आजच्यासारखी एस. टी. नव्हती, जंगल होते, लेण्यांत वटवाघळे होती. तिथल्या भिंतींवरचे लेख त्यांनी उतरून घेतले, वाचले आणि एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. सोळा नंबरच्या लेण्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे, आणि ते लेणे राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्खुसंघाला दान दिले असे कोरलेले आहे. म्हणजे अजिंठा पांडवांनी एका रात्रीत खोदला, राक्षसांनी खोदला, असल्या ज्या गप्पा गावोगाव चालत होत्या, त्यांना दगडावरच्या अक्षरांनीच उत्तर दिले. आपण सहलीला जातो त्या कार्ल्याच्या लेण्यातही खांबाखांबावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ही अक्षरे वाचणारे निघाले नसते तर आपल्या हाती काय राहिले असते? दगड, आणि त्याच्यावर दुसऱ्यांनी सांगितलेल्या कहाण्या.

या कामासाठी भाऊंनी जुनागढहून भगवानलाल इंद्रजी नावाच्या तरुणाला बोलावून घेतले. भगवानलालला इंग्रजी फारसे येत नव्हते, पण ब्राह्मी लिपी वाचण्यात त्याचा हात धरणारे कमी. भाऊंनी आपल्या पैशाने त्याला देशभर फिरवले. भाऊ वारले तेव्हा भगवानलाल दूर प्रवासात होता. पण गुरूचे काम त्याने सोडले नाही. १८८२ मध्ये याच भगवानलालने नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि आतून करंडक निघाले. आज आपण सोपाऱ्याला बुद्धवंदना घ्यायला जातो त्याची सुरुवात अशी आहे. ते करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. गोव्याच्या मातीने आपल्याला दोन माणसे दिली असे आम्ही समजतो. एक हे भाऊ दाजी. दुसरे आचार्य धर्मानंद कोसंबी, ज्यांनी पुढे १९१२ ते १९१८ आपल्या पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येऊ. कुष्ठरोग, ज्याला जुनी माणसे महारोग म्हणतात. आपण मात्र कुष्ठरोगच म्हणू.

भाऊंच्या काळी मुंबईच्या रस्त्यावर, देवळांच्या पायरीवर, धर्मशाळेच्या कोपऱ्यात हे रोगी पडलेले असायचे. बोटे झडलेली, नाक बसलेले. पूर्वजन्मीचे पाप म्हणायचे आणि लांबून पैसा फेकायचा. डॉक्टर लोकांकडेही औषध नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजात व्हॅन्डाइक कार्टर नावाचे एक इंग्रज प्राध्यापक होते. डॉक्टरीच्या पोरांना आजही माहीत असलेल्या ग्रे साहेबांच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातली मूळ चित्रे त्यांनीच काढलेली. तेही या रोगाच्या मागे लागले होते आणि त्यासाठी नॉर्वे देशापर्यंत गेले. नॉर्वेत हॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला. तोपर्यंत हा रोग जंतूने होतो हेच कुणाला ठाऊक नव्हते. कोणी म्हणे अनुवंशिक, कोणी म्हणे मासे खाल्ल्याने होतो. आपल्याकडे तर पाप ठरलेलेच.

भाऊंनी काय केले? त्यांना संस्कृत चांगले येत होते. जुने वैद्यकाचे ग्रंथ त्यांनी पूजेसाठी उघडले नाहीत. यात कुष्ठावर काय सांगितले आहे, आणि ते खरे उतरते का, हे बघायला उघडले. सुश्रुताच्या ग्रंथात तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. पश्चिमेच्या समुद्राच्या काठच्या प्रदेशात, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने हलणारे झाड, असे त्याचे ठिकाण सांगितले आहे. त्याच्या बियांचे तेल पोटात द्यायचे आणि अंगालाही लावायचे. पश्चिम समुद्राचा काठ म्हणजे आपला कोकण, गोवा, मलबार. तिथे हे झाड आहे आणि खेड्यातल्या बाईलासुद्धा ते ठाऊक आहे. कोकणात त्याला कडू कवठ, कवटी म्हणतात. फळ दिसायला कवठासारखे, पण खाल्ले तर पोट ढवळते. बियांचे तेल खरजेला, जनावरांच्या जखमांना लावतात.

हकिमांनाही ही वाट माहीत होती. युनानी वैद्यकात या रोगाला जुझाम म्हणतात. अठराव्या शतकात फारसीत लिहिलेल्या मखझन-उल-अद्विया या औषधांच्या मोठ्या कोशात याच जातीच्या बंगालकडच्या झाडाच्या बिया, म्हणजे चालमोगरा, सांगितलेल्या आहेत. बंगालमध्ये मोआट नावाच्या इंग्रज डॉक्टरने लोकांकडूनच हे तेल शिकून १८५४ मध्ये त्याबद्दल लिहिले. म्हणजे बघा, वैद्याकडे समुद्रकाठचे झाड, हकिमाकडे सिल्हेटकडचे झाड, आणि दोघांची जात एकच. आमच्या पुण्यात रास्ता पेठेत ताराचंद रुग्णालय आयुर्वेदाचे आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये युनानीचे कॉलेज. दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे पाठ करून बसतात. झाडाला मात्र हिंदू-मुसलमान माहीत नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो. आपल्या अट्ठकथेत कोलिय कुळाची कहाणी आहे. वाराणसीचा राम नावाचा राजा (हा अयोध्येचा नव्हे) कुष्ठरोगाने पछाडला. राज्य मुलाला देऊन तो जंगलात गेला आणि पाने, मुळे, फळे खाऊन राहिला. त्यातच त्याचा रोग बरा झाला. शाक्यांची थोरली बहीण प्रिया हिलाही हाच रोग झाला होता. भावांनी तिला जंगलात एका खड्ड्यात नेऊन ठेवले होते. रामाने तिला बाहेर काढले, त्याच झाडपाल्याने बरे केले आणि दोघांचा संसार झाला. त्यांच्यापासून कोलिय वंश निघाला. भगवान बुद्धांची आई महामाया ही कोलिय. ब्रह्मदेशातले लोक ही कथा सांगताना झाडाचे नावही सांगतात, कलॉ. ते चालमोगऱ्याच्याच जातीचे. कथा ती कथा, आम्ही तिला इतिहास म्हणत नाही. पण आपल्या परंपरेने तथागताच्या आजोळीच कुष्ठरोगी राजा आणि कुष्ठरोगी राजकन्या बसवली, आणि त्यात कमीपणा मानला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथात सुप्रबुद्ध कुष्ठरोग्याची धम्मदीक्षा आहेच. राजगृहाच्या सभेत काही खायला मिळेल म्हणून तो आला आणि धम्म घेऊन गेला. दुसरी बाजूही आपल्या ग्रंथात आहे. मगधात कुष्ठासारखे रोग पसरले तेव्हा लोक केवळ जीवकाच्या फुकट औषधासाठी भिक्खू व्हायला लागले. जीवक थकून गेला आणि त्याने भगवंतांकडे तक्रार केली. तेव्हा अशा रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. दवाखाना आणि संघ यांची गल्लत झाली की दोन्हींचे हाल होतात, असा त्याचा व्यवहारी अर्थ आम्ही लावतो. नियम प्रव्रज्येपुरता होता, धम्म ऐकायला कुणालाच बंदी नव्हती.

भाऊंकडे परत येऊ. साधारण १८६० नंतरच्या वर्षांत त्यांनी हे तेल रोग्यांवर वापरायला सुरुवात केली. काही रोग्यांचे चट्टे कमी झाले, जखमा भरल्या, काहींना स्पर्श कळायला लागला. बातमी पसरली. लांबलांबून रोगी येऊ लागले. हे काम सोपे नव्हते, कारण हे तेल पोटात घेतले की मळमळ होते, उलट्या होतात, आणि महिनोन्महिने घ्यावे लागते. रोगी मध्येच सोडून जाणार. त्यात याच सुमारास, १८६५ मध्ये, मुंबईतला शेअर बाजार कोसळला. अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव पडले, आणि भाऊंनी मिळवलेले सगळे त्यात गेले. दवाखाना, पुस्तके, नाणी, भगवानलालचा प्रवासखर्च, सगळ्याला ओढ लागली. सट्ट्याच्या नादाला एवढा शहाणा माणूस कसा लागला कोण जाणे. पण कुष्ठरोग्यांचे औषध त्यांनी बंद केले नाही.

एका बाबतीत मात्र आमचे त्यांच्याशी पटत नाही. आपण देतो ते औषध नेमके कोणते, हे भाऊंनी जाहीर केले नाही. गुप्त ठेवले. त्यांच्या हयातीतही त्याबद्दल त्यांना नावे ठेवली गेली. त्यांच्या बाजूने बोलायचे तर असे म्हणता येईल की पूर्ण पारख झाल्याशिवाय सांगितले असते तर बाजारातल्या भोंदूंनी दुसऱ्या दिवशी बाटल्या भरून विकायला घेतल्या असत्या. हे खरे आहे, आजही तेच होते. पण वैद्याने औषध मुठीत ठेवणे ही आपल्या देशाची जुनी खोड आहे. बाप मुलाला सांगणार, मुलगा नातवाला, आणि नातू निपुत्रिक वारला की विद्या जळाली. तथागतांनी महापरिनिर्वाणाच्या आधी आनंदाला सांगून ठेवले होते की आपण काही मूठ झाकून ठेवलेली नाही, आत-बाहेर भेद न करता सगळे शिकवले आहे. अजिंठ्याचे लेख वाचणारा माणूस औषधाच्या बाबतीत मूठ उघडायला चुकला, असे आमचे मत आहे. ज्यांना हे मत जड वाटेल त्यांनी क्षमा करावी.

वेळही मिळाला नाही. भाऊंना पक्षाघात झाला आणि त्यातच ३१ मे १८७४ रोजी ते वारले. वय जेमतेम पन्नाशीचे. पुढे औषधी वनस्पतींच्या ग्रंथकारांनी लिहून ठेवले की भाऊ दाजींचे गुप्त औषध म्हणजे कडू कवठाचेच तेल होते. त्यांच्या पोथ्या आणि नाणी एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. माटुंग्याला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. म्युझियमला १९७५ मध्ये नाव दिले.

पण तेलाची कहाणी तिथे संपली नाही. जगभर पन्नास-साठ वर्षे कुष्ठरोगावर हेच एक औषध चालत होते. अमेरिकेच्या ताब्यातल्या हवाई बेटावर १९१५ मध्ये ॲलिस बॉल नावाच्या कृष्णवर्णी मुलीने, वय अवघे तेवीस, या तेलातला गुणकारी भाग वेगळा काढून इंजेक्शनने देता येईल असा केला. उलट्यांचा त्रास वाचला. ती १९१६ च्या अखेरीस वारली आणि तिच्या वरच्या साहेबाने तिचे नाव न घेता ते काम आपल्या नावावर छापले. आपल्याला यात नवीन वाटण्यासारखे काही नाही.

हे तेल पुरेसे होते का? नव्हते. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आजकाल जुने ते सगळे सोने असे सांगणारे फार झाले आहेत. काही रोग्यांना, विशेषतः सुरुवातीच्या अवस्थेतल्यांना, गुण येत होता. बऱ्याच जणांत रोग पुन्हा उलटत होता. रोगाला आळा घालणारे खरे औषध १९४० नंतर आले, सल्फोन जातीचे, त्यातली डॅप्सोनची गोळी आपल्या भागातही वाटली जायची. जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. त्या गोळ्यांच्या पत्त्याने सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोग बरा होतो आणि पहिल्या डोसानंतर लवकरच रोगी दुसऱ्याला लागण देईनासा होतो. तेव्हा आज कुणी कडू कवठाचे तेल आणून कुष्ठरोग घालवतो म्हणाला तर त्याला हात जोडावेत. स्वतः भाऊ दाजी आज असते तर गोळ्यांचा पत्ताच देते, कारण ते ग्रंथ पारखायला बसले होते, डोक्यावर घ्यायला नाही.

आमच्याबरोबर स्पिनिंग खात्यात एक सोबती होता. नाव कशाला सांगू. त्याच्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. एकदा गरम पाइपाला हात टेकला आणि कातडी भाजली तरी त्याला कळले नाही. आम्हीच ओरडलो. त्याने बाही खाली ओढली आणि कुणाला सांगू नका म्हणाला. नोकरी जाईल, पोरीचे लग्न मोडेल. मग स्टेशनबाहेर मुळ्या विकणाऱ्या एका वैदूकडे गेला, मग एका देवऋषीकडे, अंगारा, लिंबू, नारळ. यात दोन वर्षे गेली. करंगळी वळली, मग शेजारचे बोट वळले. शेवटी सरकारी दवाखान्यात गेला, गोळ्या घेतल्या, रोग थांबला. बोटे मात्र सरळ झाली नाहीत. जंतू मज्जातंतूत घर करतो, आणि एकदा मज्जातंतू मेला की गोळीने तो परत येत नाही. वैदूकडे गेला याचा राग नाही. मुळीत गुण असूही शकतो, भाऊ दाजींनी तेच दाखवले. पण भाऊंनी मुळी पारखली होती, त्या स्टेशनवाल्याने विकली होती. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भीतीही उगाच नव्हती. इंग्रजांनी १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांविषयी कायदा केला होता. त्यात फिरस्त्या गरीब रोग्याला धरून आश्रमात डांबायची सोय होती, आणि जिथे नगरपालिकेने मनाई केली असेल त्या सार्वजनिक विहिरीवर, तळ्यावर त्याला पाणी घ्यायलाही बंदी होती. महाडचे चवदार तळे ज्यांना आठवते त्यांना या कलमाचा अर्थ वेगळा सांगायला नको. हा कायदा संसदेने पुरता रद्द केला तो २०१६ मध्ये. नवरा किंवा बायको कुष्ठरोगी आहे म्हणून घटस्फोट मागता येत होता, ते कारण कायद्यातून गेले २०१९ मध्ये. २००५ च्या डिसेंबरात देशाने जाहीर केले की रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. लोकांना वाटले, रोग संपला. संपलेला नाही. नवे रोगी दरवर्षी निघतात, आणि त्यांत लहान मुलेही असतात.

आमच्या विहारात आरोग्य शिबिर होते तेव्हा रक्तदाब आणि साखर तपासायला रांग लागते, पण बाही वर करून चट्टा दाखवायला कोणी पुढे येत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे खाज नाही, घाम नाही, मोरपीस किंवा कापूस फिरवला तरी कळत नाही, एवढीच खूण आहे. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूशी लढायची ताकद मुळातच असते, त्यामुळे एका ताटात जेवल्याने लागण होत नाही. ज्याला लागण झाली त्याला खूण दिसायला काही वर्षे जातात. तपासणी आणि गोळ्या महापालिकेच्या आणि सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. कोंढव्याला डॉ. बांदोरावाला कुष्ठरोग रुग्णालय फार जुने आहे.

कडू कवठाचे झाड आजही कोकणातल्या आणि गोव्यातल्या ओढ्याकाठी उभे आहे. फळे पिकून खाली पडतात आणि बायका बिया वेचून तेल काढतात. खरजेला लावायला ते अजून चालते.